वाणाचा साबण

त्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला उर्मिलाने साबण लुटला. पांढुर्ण्यात असं वाण कोणी दिलं नव्हतं. कंगवे, करंडे, फार तर पितळेची वाटी, पण साबण? बायकांनी वडी नाकाशी नेली, बोटाने दाबून पाहिली, उलटसुलट केली.

“काय कडक हाये वो! वर्षभर सरायचा नाही.”

“आता नागपूरच्या दुकानदारानं बसावं माश्या मारत.”

“त्याचं काय घेऊन बसल्या? तो तर परमुलखात गेला, मुंबई राज्यात!”

ओसरीभर हशा पिकला. नागपूर दुसऱ्या राज्यात जाऊन तीनेक महिने होत होते, पांढुर्णा मध्यप्रदेशात राहिला होता, आणि त्यावर अजून रोज एखादी नवी थट्टा निघत होती. उर्मिलाच्या घरात मात्र ती थट्टा नव्हती. तिचा दीर मोरेश्वर नागपूरच्या सरकारी कचेरीत कारकून होता. वाटणीआधीच कोणत्या राज्याकडे जाता म्हणून विचारणा आली, तेव्हा त्याने नोकरीच सोडली आणि घरी येऊन म्हणाला, “वहिनी, तुम्ही रसायनशास्त्र शिकल्या, मी विकायला फिरतो. साबण काढू.” मागच्या पडवीत चूल, साचे आणि वड्या कापायची तार आली. वड्या गावातल्या दोन-चार दुकानांत ठेवल्या, आजूबाजूच्या खेड्यांतही गेल्या. उद्या सकाळच्या मोटारीने पहिला मोठा माल सौंसरला जायचा होता. तो खपला तर कारखाना उभा राहणार होता. नाही तर मोरेश्वरने भरलं ताट सोडून काय मिळवलं, हे गावच सांगणार होतं.

उर्मिला प्रत्येकीला कुंकू लावताना विचारत होती, “साबण कसा वाटतो? अगदी खरं सांगा हं.” दुकानातून नेलेल्याही काहीजणी त्यात होत्या. सगळ्या चांगलंच सांगत होत्या. आपण किती काळजीपूर्वक चौकशी करतो आहोत, याचं तिला समाधान होतं. जिच्या पदरात नुकतंच वाण पडलं, ती त्या वाणाला नावं कशी ठेवेल, हा विचार तिच्या मनाला शिवला नाही.

तिळगुळाचा डबा रिकामा झाला म्हणून ती आत गेली. स्वयंपाकघरात देवकाबाई लाडू वळत बसल्या होत्या. त्या तिच्या नवऱ्याच्या आत्या, फार लवकर विधवा होऊन माहेरी आलेल्या. हळदीकुंकवाच्या दिवशी त्या बाहेर येत नसत. आतलं सगळं मात्र त्यांच्याच हातचं. साबणाची भांडी आणि फडकी धुणंही त्यांनीच आपल्याकडे घेतलं होतं.

पाक गरम होता. देवकाबाई चिमूटभर मिश्रण घेत, झटकन वळत आणि दातांवर दात दाबत. उर्मिला दारात उभी आहे, हे त्यांनी पाहिलं नाही. पाहिलं तेव्हा हात पदराखाली गेले.

“दाखवा, आत्याबाई.”

“काही नाही वो. थंडीनं उलले.”

“दाखवा ना.”

तळवे भेगांनी चिरले होते. बोटांच्या पेरांवर कातडं निघालं होतं. भेगांमधून लाल रेषा दिसत होत्या. रक्त समजून उर्मिलाने त्यांचा हात उजेडाकडे ओढला. पण ते बहुतेक रक्त नव्हतं. भेगा भरून याव्यात म्हणून देवकाबाईंनी हळद लावली होती, मग पुन्हा भांडी धुतली होती, आणि हळद गडद लाल झाली होती.

कोणत्याही साबणाने हळद लाल होते, हे घरातल्या मोलकरणीलाही ठाऊक असतं. उर्मिलाने बाजारच्या साबणाचा तुकडा शोधला, शेजारी आपली वडी ठेवली, दोन्हींवर थेंबभर पाणी आणि चिमूटभर हळद घातली. बाजारच्या साबणावर ती विटकरी झाली. तिच्या वडीवर बघता बघता तपकिरी-लाल, जवळजवळ कुंकवासारखी. तिने वडीला जिभेचं टोक लावलं आणि चटका बसल्यासारखी मागे घेतली.

तिला आश्चर्य वाटलं नाही. हेच सगळ्यात वाईट होतं.

आधी ती अर्धं खोबरेल आणि अर्धं सरकीचं तेल घेत असे. नवी हद्द झाल्यावर नागपूरच्या व्यापाऱ्याने कागदपत्रांची कटकट नको म्हणून खोबरेल पाठवणं बंद केलं. नुसत्या सरकीच्या तेलाला कॉस्टिक सोडा कमी लागतो, हे तिला पाठ होतं. पण कमी घातला की वड्या मऊ पडत, आणि मोरेश्वर म्हणे, दुकानदार आधी बोटाने दाबून पाहतो. मग तिने सोडा थोडासाच उतरवला. उरलेला सुकताना मरेल, असं स्वतःला सांगितलं. सोडा उरला की गुलाबी होणारं औषध संपलं होतं. ते कॉलेजातून मागवायचं राहून गेलं, असंही सांगितलं. राहून गेलं नव्हतं. तिने मागवलं नव्हतं.

आणि तिला कोणी सांगितलंही नाही, असंही नव्हतं. महिन्यापूर्वी देवकाबाई फडकी पिळता पिळता म्हणाल्या होत्या, “सूनबाई, हा साबण चावून राहिला मले.” उर्मिला तेव्हा मोरेश्वरच्या देखत म्हणाली होती, “आत्याबाई, जन्मभर राखेने भांडी घासली की साबण चावणारच. हे सगळं मोजून केलेलं असतं. ठाऊक नसलेल्या गोष्टीत बोलू नये.”

“तसंही असन, बाई. मले काय समजते?”

त्यानंतर ती विचारी, तेव्हा त्या म्हणत, “बेस हाये.” मोरेश्वर दुकानदाराला सांगायचा, आमच्या आत्याबाई दुसऱ्या साबणाला हात लावत नाहीत.

बाहेर बायका खोळंबल्या होत्या. उर्मिलाने देवकाबाईंच्या हातांना घरातलं डोक्याचं खोबरेल लावलं, डबा भरून नेला आणि उरलेल्यांना साबणाऐवजी बोरं दिली. शेवटची बाई गेल्यावर ती पडवीत आली. मोरेश्वर खोक्यांना सुतळी बांधत होता.

“भाऊजी, माल जाणार नाही.”

“वहिनी, आज संक्रांत हाये, शिमगा नाही. थट्टा नका करू.”

तिने सगळं सांगितलं, स्वतःला न वाचवता. त्याने सुतळी खाली ठेवली. 

“रामाकोना गावच्या दुकानदारानं काही वड्या परत केल्या होत्या,” तो म्हणाला. “गिऱ्हाइकाचे हात भाजतात म्हणे.”

“आणि तुम्ही माझ्याजवळ बोलला नाहीत?”

“कसा बोलू? आत्याबाईले तुम्ही काय म्हटलं, ते आयकलं ना मी. म्हटलं, वहिनी मोजून करून राहिल्या, आपण काहून मधात पडा?”

तिने बांधलेल्या खोक्याची गाठ सोडली.

दुसऱ्या दिवशी तो दुकानांतला माल उचलायला गेला आणि ती वाण परत मागायला. दिलेलं वाण परत मागणारी बाई पांढुर्ण्याने पाहिली नव्हती. एकीने कपाळाला हात लावला. एकीने मुलाचं पुरळ उठलेलं अंग चादरीत झाकून घेतलं आणि म्हणाली, “नाही वो, साबण चांगलाच हाये. पोराचंच अंग नाजूक.” उर्मिला दारात उभी राहून सांगत होती की साबण वाईट आहे, आणि ती बाई तो चांगला असल्याचं तिला पटवत होती.

फाल्गुनात साबणाचा नवा घाणा काढला. प्रमाण बरोबर होतं, वडी मऊ होती, आणि कॉलेजातून आणलेल्या औषधाचा थेंब तिच्यावर गुलाबी न होता पाण्यासारखा राहिला. देवकाबाईंचे हात आता भरून आले होते. उर्मिलाने वडी त्यांच्यापुढे धरली.

“आत्याबाई, वापरून पाहा. चावला तर सांगा. माझी शपथ आहे.”

देवकाबाईंनी तिच्याकडे मायेने पाहिलं. “बेस हाये,” त्या म्हणाल्या. वडी अजून कोरडीच होती.

मोरेश्वर म्हणाला, आता तरी सौंसरला नेऊ. ती थांबा म्हणाली. सकाळी तिने धुण्याच्या दगडावर नवी वडी ठेवली, शेजारी रिठ्यांची वाटी, आणि न्हाणीच्या दाराआड उभी राहिली. काय उचलतात, एवढंच तिला पाहायचं होतं.

देवकाबाई धुणं घेऊन आल्या. वाकल्या. त्यांचा हात रिठ्यांच्या वाटीवर गेला, थबकला. त्यांनी मान वळवून दाराकडे पाहिलं; फटीतून उर्मिलाचा पदर दिसत होता.

मग त्यांनी साबण उचलला.