पानावरची पहिली ओळ

मुद्रितशोधकाला लागणार नाही असं अक्षर जगात निघायचं होतं, आणि निघालं ते घरच्याच माणसाचं. आता याला काय म्हणावं? चाळीस वर्षं या गृहस्थाने छापखान्यात बसून भल्याभल्यांची हस्तलिखितं वाचली. डॉक्टर, वकील, कवी, कुणाचंही कोंबडीने पाय ओढल्यासारखं अक्षर असो, ते भराभर वाचत. मध्ये शब्द गळलेला दिसला तर लेखकाला विचारत बसत नसत, स्वतःच घालून टाकत. लेखक नंतर म्हणत, अगदी हेच लिहायचं होतं मला. त्याचा यांना केवढा तोरा!

मग बायकोला झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली, समज मात्र लख्ख राहिली. विचारलेलं सगळं तिला कळे आणि हो-नाही ती मानेने सांगे. लेकीने अक्षरांचा तक्ता आणला, तो तिने ढकलून दिला. उभा जन्म फळ्यावर लिहिण्यात गेलेली मास्तरीण, ती बोटाने एकेक अक्षर दाखवत बसते थोडीच! तिने डाव्या हातात पेन घेतलं. रोज सकाळी तीन-चार पानं. थरथरत्या, एकमेकींच्या उरावर बसलेल्या रेघा. एक शब्द लागेल तर शपथ. एवढंच कळे की प्रत्येक पानाची पहिली ओळ तीच असते आणि तिच्याखाली ती जोर लावून रेघ मारते. मग त्या ओळीवर बोट आपटून नवऱ्याकडे बघत राहते.

पहिले काही दिवस त्यांनी विचारून पाहिलं. "पाणी हवंय असं लिहिलंयस?" नाही. "पाय दुखतो?" नाही. "मग काय, मी अंतर्ज्ञानी आहे?" असं ते एकदा ओरडले, आणि तिचे डोळे भरून आले. तेव्हापासून त्यांनी विचारणंच सोडलं.

डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, दुसरा झटका कधीही येऊ शकतो. तिला काय सांगायचंय ते त्याआधी कळायला हवं, या एका गोष्टीने ते झपाटले. लेक दवाखान्यात एक्स-रे काढायची. तिच्याकडून कळलं की कुणाचंही हस्ताक्षर वाचायला कॉम्प्युटरला शिकवता येतं. झालं. साठी बुद्धी नाठी म्हणणाऱ्यांना म्हणू दे, गृहस्थ शिकायला बसले. पडद्यावरची एक बाई धडे देई. पानं स्कॅन करा, ओळी वेगळ्या कापा, प्रत्येक ओळीखाली तिचा खरा मजकूर टाइप करा. अशा जोड्या पुरेशा दिल्या की यंत्र आपण होऊन वाचू लागतं. थोडी पानं बाजूला ठेवा आणि शेवटी त्यांच्यावर परीक्षा घ्या.

सहा महिन्यांत सहाशे पानं जमली. आतल्या खोलीचं दार लावून ते एकेक ओळ कापत आणि खाली मजकूर टाइप करत. मजकूर आणला कुठून? अहो, डोक्यातून. चाळीस वर्षांची सवय ती. ओळीची लांबी बघायची, एखादं ओळखीचं वळण धरायचं आणि बाकीचं भरून काढायचं. पहिली ओळ त्यांना चटकन लागली: 'माझी काळजी करू नका.' बायकोला ते ओळखून होते ना!

परीक्षेत यंत्राने शंभरातल्या नव्वद ओळी बरोबर वाचल्या. गृहस्थ खुर्चीतच रडले. संध्याकाळी लेक आल्यावर त्यांनी तिच्या आईपुढे लॅपटॉप ठेवला आणि सकाळचं ताजं पान यंत्राला दिलं.

लेकीने वाचलं, "माझी काळजी करू नका."

आईने मान हलवली. नाही.

"आता बरं वाटतंय."

नाही.

"तुम्ही फार केलंत माझं."

नाही. या वेळी मान इतक्या जोरात हलली की उशी खाली पडली.

"असं कसं?" ते म्हणाले. "नव्वद टक्के बरोबर आलंय."

लेकीने उशी उचलून आईच्या डोक्याखाली सारली. मग हळूच म्हणाली, "बाबा, ओळींखालचा मजकूर आईला विचारून घातलात का?"

कसलं विचारणं! आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पाठ यांनी दिलेला, परीक्षेची उत्तरंही यांचीच. यंत्र बिचारं त्यांनाच त्यांच्या मनातलं वाचून दाखवत होतं.

लेकीने जुनी पानं काढली आणि बाबांचा मजकूर आईला वाचून दाखवत गेली. चाळीस ओळींत तीन हो आले. उशी, खिडकी, आणि लेकीचं घरातलं नाव. "मग पहिली ओळ काय आहे, आई?" तिने एकेक शब्द विचारायला घेतला. घर? शाळा? कुणी भेटायला हवंय? कुणावर राग आहे? आईच्या घशातून एक घोगरा आवाज आला आणि तिथेच अडकला. अर्ध्या तासाने तिने डोळे मिटून घेतले.

त्यांना जमिनीने गिळावं असं झालं. सहा महिने ती रोज बोलत होती आणि हे भिंतीपलीकडे बसून तिच्या तोंडी आपली वाक्यं घालत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तिच्यापुढे कागद मांडला आणि पेन तिच्या हातात दिलं. "पहिल्यापासून करू. एकेक शब्द लिही, मी विचारत जाईन. कितीही वेळ लागू दे. चुकलो तर हाण मला."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. रागाने नव्हे, राग असता तर त्यांना बरं वाटलं असतं. ती दमली होती. तिने पेन त्यांच्या तळहातावर ठेवलं, आपल्या चालत्या हाताने त्यांची बोटं त्यावर मिटली आणि तोंड फिरवलं.

दुसरा झटका अजून आलेला नाही. ती जेवते, पाय चोळून घेते, लेक आली की हसते. ते रोज सकाळी तिच्यापुढे कागद ठेवतात आणि जेवायच्या वेळी तो कोराच उचलतात.