नकोशा फोनची तक्रार

कर्ज हवंय का, प्लॉट घेता का, विमा काढलाय का, असे फोन गोरक्षला दिवसभर यायचे आणि तो दिवसभर दात-ओठ खायचा. नकोशा फोनविरुद्ध तक्रारीची सोय निघाली, तेव्हा इंदिरानगरातल्या या गृहस्थाच्या हाती कोलीतच मिळालं. अनोळखी नंबर दिसला की झापायचं, ब्लॉक करायचं, तक्रार ठोकायची. फोनवाले त्याच्याहून खमके. एक नंबर बंद झाला की दुसऱ्यावरून हजर. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

त्याची आई चतुराबाई वणीजवळच्या गावात एकटीच राहायची. "करमेनासं झालं की फोन कर, त्याच दिवशी न्यायला येतो," असं तो वडील गेल्यापासून तिला सांगत होता आणि ती टाळत होती. पण डोळ्यांना दिसेनासं झालं, चुलीपाशी पदर जळाला, तेव्हा म्हातारीने मन घट्ट करून गाठोडं बांधलं. तिचा मोबाइल चैत्रात देवीच्या गडावरच्या यात्रेत हरवला होता. म्हणून शेजारच्या पल्लवीने आपल्या फोनवरून नंबर लावला आणि म्हातारीला ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकला. पल्लवी नवी सून. गावच्या नात्याने गोरक्ष तिचा थोरला दीर, त्याचं नाव कसं घ्यायचं? ती अदबीने म्हणाली, "नमस्कार सर, दोन मिनिटं बोलायचं होतं."

"मला काही नकोय," गोरक्ष कडाडला. "लाज नाही वाटत? पुन्हा फोन केलास तर बघ."

फोन कापून त्याने तक्रारही केली. आजवरच्या साऱ्या तक्रारी वाया गेल्या, ही मात्र नेमकी लागू पडली. नंबर बंद करू, अशी ताकीद पल्लवीच्या मोबाइलवर आली आणि पोर घाबरली. चतुराबाईनेही पुन्हा फोन लावायला सांगितलं नाही. तिने गाठोडं सोडून लुगडी पेटीत ठेवली.

नको ते फोन हाकलण्यात गोरक्ष इतका गुंतला होता, की आईचा फोन बंद लागतो याची त्याला फिकीर नव्हती. चार्जिंग संपलं असेल, म्हणायचा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आंबे घेऊन गावी गेला आणि सवयीने म्हणाला, "आई, चल ना आता."

"मी इचारलं व्हतं. तू नको म्हणाला."

शेजारून आलेल्या पल्लवीने खाली मान घालून सगळं सांगितलं. गोरक्षच्या पायाखालची जमीन सरकली. "आई, तुझ्यासाठी नव्हतं गं ते," तो पुन्हा पुन्हा म्हणाला.

"नसंल, बाबा. पण ही पोर थरथर कापत व्हती. कुणाची का लेक असंना, तू तिला असं बोलतो. उद्या माझ्या हातून घरात काय सांडलं, की त्योच आवाज माझ्या वाट्याला येईल. मी इथंच बरी हाय."

त्याला रडू फुटणार, तोच खिशात फोन वाजला. नंबर अनोळखी होता.

"घे," आई म्हणाली. "नीट बोल."

कुणी मुलगी कर्जाबद्दल विचारत होती. आई कान देऊन बसली होती, आणि गोरक्षला नीट बोलणं काही सुचेना.