दुखणं माघारी

पाहुण्यांनी गोधडी शिवायची सुई धुळाजीच्या पायात खुपसली आणि ओसरीवर टाळ्या पडल्या.

"दुखतंय का रे, धुळ्या?" मोहनराव देशमुखांनी विचारलं.

"न्हाई, मालक."

त्याचे डोळे मिटलेले होते. दिंद्रुडला देशमुखांच्या विहिरीवर मोट हाकणारा हा माणूस. मोटेचे बैल ज्या उतारावरून येरझारा घालतात त्या धावेवर बैलाचा पाय पडून त्याच्या पायाचा अंगठा चेचला, तेव्हा ठणक्यानं लहान पोरासारखा रडला होता. मोहनरावांकडे उतरलेले पाहुणे हैदराबादच्या अदालतीत वकिली करत आणि त्यांना मेस्मेरिझम येई. त्यांनी धुळाजीला समोर बसवलं, नजर रोखली, तोंडावरून हात फिरवले आणि सांगितलं, "ठणका गेला. आता दुखणार नाही." आणि तो खरंच गेला, हे कबूल केलं पाहिजे. विद्या खोटी नव्हती. पण माकडाच्या हाती कोलीत म्हणतात, ते असं.

मग रोजचाच खेळ झाला. पानसुपारीला कोणी आलं की धुळाजीला हाक. पान चघळत त्या चेचलेल्या पायाकडे बघून हसणारी ती तोंडं डोळ्यांपुढे आणली तरी शिसारी येते. इकडे दुखत नाही म्हणून धुळाजी त्याच पायानं धावेच्या चिखलात येरझारा घालत होता.

त्याची बायको बायनाबाई हळद-तेल घेऊन बसली की तो पाय ओढून घेई.

"हात लावू नको. पाव्हण्यानं मंतारलंय. दुसरं औशिद लावलं की मंतर बाटतो."

देवऋष्याचं पथ्य त्यानं वकिलाच्या विद्येला लावलं होतं. वकिलांनी असं काही सांगितलं नव्हतं. जखम धू, हेही सांगितलं नव्हतं.

एका सकाळी बायनाबाईला वास आला. तिनं बळंच पायावरची चिंधी सोडली. अंगठा काळा पडला होता आणि मांसात अळ्या वळवळत होत्या. धुळाजी शांतपणे भाकरी खात होता.

ती तडक ओसरीवर गेली.

"मालक, आमचं दुखणं माघारी द्या."

पाहुणे हसले. "लोक दुखणं घालवा म्हणतात, ही परत मागते!"

"ठणकलं असतं तर घरी बसला असता, औशिद लावू दिलं असतं. पाय सडाया लागलाय, तरी न्हाई दुखत म्हनतो. त्याला रडू द्या, मालक."

पाहुण्यांनी कंटाळून धुळाजीला बोलावलं. नाकाला रुमाल लावूनच त्याला निजवलं. "जागा झालास की सगळं जाणवेल," म्हणून टाळी वाजवली.

धुळाजी किंचाळला.

"बाहेर न्या त्याला!" मोहनराव ओरडले. अंगणात नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बायनाबाई रडत होती आणि म्हणत होती, "वरड. वरड, धनी."

बीडच्या दवाखान्यात पाय घोट्यातून कापला. जीव वाचला. मोट दुसऱ्याच्या हाती गेली.

दिवाळीला मोहनरावांकडे नवी मंडळी आली. त्यांना काहीतरी दाखवायला हवं, म्हणून धुळाजीला बोलावणं गेलं.

"हाच तो. सुई खुपसली तरी हूं की चूं न्हाई. सांग रे धुळ्या, दुखतंय का?"

मंडळी पुढे सरकून बसली. धुळाजीनं थोटका पाय धोतरात नीट झाकला.

"दुखतंय, मालक," तो म्हणाला. "लई दुखतंय."

आणि कोणी जा म्हणायची वाट न बघता, काठी टेकत तो पायऱ्या उतरू लागला.