आधी दुसऱ्याचं, मग आपलं

विभागप्रमुखांच्या मिशा हा बाईंचा जुना वैताग होता. सर बोलत होते, मिशा वरखाली होत होत्या आणि त्या झुडपाखालून काय बाहेर पडतंय याचा बाईंना थांगपत्ता लागत नव्हता. चेहरा मात्र आनंदी दिसत होता. आनंदी चेहऱ्याला होकार द्यायचा आणि गंभीर चेहऱ्याला ‘बघते’ म्हणायचं, हा बाईंचा गेल्या काही वर्षांचा शिरस्ता. त्यांनी हसून मान डोलावली.

“हो हो, सर. उत्तमच झालं.”

काय उत्तम झालं ते त्यांना बाहेर आल्यावर शिपायाकडून कळलं. शिपायाची एक गोष्ट बाईंना फार आवडायची. यंत्रशाळेत वर्षानुवर्षं काढल्यामुळे तो समोर उभं राहून, तोंड भरून आणि खणखणीत बोलायचा.

“बाई, तुमचा वर्ग खाली मोठ्या सभागृहात गेला म्हणे! पोरं मावेनात ना वरच्या खोलीत. माईक लावून ठेवतो.”

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

हे कॉलेज इंजिनियरांचं. पूल, मोटारी, वीज, असल्या भक्कम विषयांचं. पण पोरं नुसती यंत्रं होऊ नयेत म्हणून विद्यापीठाने एक अट घातली होती. समाजशास्त्र, अर्थशास्त्र, व्यवस्थापन आणि संवाद यांतला एक विषय प्रत्येकाने घ्यायचाच. कुठला ते ज्याच्या त्याच्या मर्जीवर. संवाद बाईंकडे होता. स्टाफरूममध्ये त्यांना सगळे ‘ऐच्छिकबाई’ म्हणत, कारण त्यांच्यावाचून कुणाचंच काही अडत नसे. बाईही हसत. नोकरी कंत्राटावरची, दर वर्षी नव्याने सही करून घ्यायची. नवऱ्याला त्या म्हणत, “तुमच्याशी एकदाच लग्न केलं, कॉलेजशी दर वर्षी करते.”

यंदा मात्र कायम करण्याची बोलणी चालली होती, आणि त्याला कारण होता त्यांचा वर्ग. पोरं पहिल्यांदा यायची ती गणित नाही, डोक्याला ताप नाही म्हणून. पण मग टिकायची. वर्गाचा नियम एकच होता. कुणीही बोलायच्या आधी, त्याच्या अगोदरचा जे बोलला ते मोठ्याने सांगायचं. नीट सांगता आलं तरच स्वतःचं बोलायला परवानगी. ‘आधी दुसऱ्याचं, मग आपलं.’ घरी कुणाचं ऐकून घ्यायची सवय नसलेली पोरं सुरुवातीला फार अडखळायची. अर्ध्या सत्रात ती एकमेकांकडे तोंड करून बसायला लागायची. व्यवस्थापनवाले सर तर म्हणायचे, “ही पद्धत मोठमोठ्या कंपन्यांना विकायला हवी.”

ही पद्धत बाईंनी काढली तेव्हा त्यांचे कान ठणठणीत होते. पुढे डावा गेला आणि उजवाही त्याच्या मागोमाग निघाला. मग नियमाचा त्यांना वेगळाच उपयोग व्हायला लागला. एकाचं निसटलं तरी पुढचा तेच पुन्हा सांगायचा, बाई त्याच्या ओठांकडे बघायच्या आणि गाडी पुढे सरकायची. वरची खोली लहान, सगळी पोरं हाताच्या अंतरावर. कुणाला शंकाही आली नव्हती. सभागृहात माईकमुळे बाईंचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जाणार होता, पण शेवटच्या रांगेतलं पोर बाईंपर्यंत कसं पोचणार, हे सांगणारं कुणी नव्हतं. त्यांना तसं कुणाला विचारताही येत नव्हतं.

संध्याकाळी नवऱ्याने भाजी निवडता निवडता मान वर केली. तिच्याशी बोलताना मान वर करायची त्याला सवय झाली होती.

“अगं, मशीन घेऊन ठेवलंय ना तुला. लाव की कानाला.”

“कानाला लावू आणि ऐकायला शिकवू? पोरं फिदीफिदी हसतील. बहिरी बाई ऐकायला शिकवते म्हणून.”

“हसू देत. तुला कुठे ऐकू येणार आहे!”

बाईंनी त्याला हातातली पालेभाजीची काडी फेकून मारली. नवराही हसला, पण लगेच गंभीर झाला. “लपवून किती दिवस काढशील?”

“कायमचा कागद हातात पडेपर्यंत,” बाई म्हणाल्या. “आज सांगितलं तर सरांना फार काही करावं लागणार नाही. नुसती सही करायची नाही, एवढंच.”

मशीन शिलाईच्या खणात, रिळांच्या शेजारी डबीतच राहिलं.

सभागृहातला दुसरा की तिसरा तास असेल. बाईंनी त्या दिवशी विषय दिला होता, ‘आमच्या घरात ज्यावर कुणी बोलत नाही अशी एक गोष्ट.’ पुढच्या रांगांतल्या पोरांनी हलकंफुलकं सांगितलं. एकाचे आजोबा कवळी विसरतात आणि सगळ्यांनी दिसत असूनही न दिसल्यासारखं करायचं असतं. एकीची आत्या गाते आणि कुणीतरी तिला थांबवायला हवंय. बाई हसत होत्या, सभागृह हसत होतं.

मग मागच्या बाजूला, खांबाच्या सावलीत एक मुलगी उभी राहिली. सडपातळ, केस पुढे आलेले, मान खाली. ती बोलायला लागली आणि बाईंना हलणारे केस तेवढे दिसले. आवाजाची नुसती गुणगुण आली, लांबून कुणी पंखा लावावा तशी. बाई पुढे होऊन ऐकू लागल्या, म्हणजे तसं दाखवू लागल्या. मुलगी थांबली. आतापर्यंतचं सगळं हसण्यासारखं होतं, म्हणून बाई मोकळेपणी हसल्या.

“वा! छान. बसा. पुढे कोण?”

मुलगी बसली नाही. क्षणभर तशीच उभी राहिली आणि मग बॅग उचलून बाजूच्या दाराने निघून गेली. पुढच्याने आता तिचं सांगायचं होतं, पण तो उठेना. कुणीच उठेना. चेहरे वाचण्यात बाईंची वर्षं गेली होती आणि इतके चेहरे एकदम मिटलेले त्यांनी कधी पाहिले नव्हते. काहीतरी फार चुकलं होतं आणि काय चुकलं तेच कळत नव्हतं.

तास संपल्यावर पुढच्या रांगेतला एक चष्मेवाला मुलगा टेबलापाशी आला. हा एरवी मिश्कील, पण आता त्याचे ओठ घट्ट होते.

“मॅडम, रागावणार नसाल तर विचारतो. तुम्ही तिला ‘छान’ का म्हणालात?”

बाईंनी त्याच्या ओठांवर नजर लावली. मग म्हणाल्या, “ती काय म्हणाली ते सांग. नियमाप्रमाणे.”

मुलगा गोंधळला, पण नियम अंगवळणी पडला होता. बाईंकडे तोंड करून त्याने सावकाश सांगितलं.

“ती म्हणाली, माझा दादा घर सोडून गेलाय. कुठे आहे माहीत नाही. घरात कुणी त्याचं नाव काढत नाही. पण आई रात्री दाराला कडी लावत नाही, नुसतं लोटून ठेवते. बाबांना ते माहीत आहे. तेही कडी लावत नाहीत.”

बाई खुर्चीत बसल्या. मुलगा वाट बघत होता. आता आपलं सांगायचं होतं, पण बाईंना सांगता येईना.

“जा तू,” त्या म्हणाल्या. “मी बघते.”

त्या रात्री बाई जेवल्या नाहीत. नवऱ्याला सगळं सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, “पोरीने घरात कुणापाशी तोंड उघडलं नाही. माझ्यापाशी उघडलं, माझ्या नियमावर भरवसा ठेवून. आणि मी हसले हो तिला.”

“तुला ऐकू आलं नाही, हे सांग तिला.”

“तिला एकटीला सांगून काय? हसले ते सगळ्यांच्या समोर. ज्यांनी पाहिलं त्या सगळ्यांना वाटतंय, ही बाई नुसती नियम लावते, हिला कशाचं काही नाही.” त्यांनी ताट बाजूला सारलं. “आणि सगळ्यांना सांगितलं की सरांना कळलंच.”

नवऱ्याने ताटावर झाकण ठेवलं. “मग?”

बाई उठल्या आणि शिलाईचा खण उघडला.

पुढच्या तासाला त्यांनी केस मागे घट्ट बांधले होते. कानामागचं मशीन, त्याची पारदर्शक नळी, सगळं उघड्यावर. मशीनची सवय नव्हती. खुर्च्या सरकल्याचा आवाज डोक्यात खिळे ठोकल्यासारखा येत होता. आणि नशीब असं, की नेमके त्याच दिवशी विभागप्रमुख वर्ग बघायला आले होते. कायम करण्याआधी एकदा बघायचं असतं. हाताची घडी घालून ते मागच्या रांगेत बसले होते. मुलगी आली नव्हती. खांबाजवळची खुर्ची रिकामी होती.

अजून मागे फिरता आलं असतं. आज दुसरा विषय द्यायचा, सरांना छान तास दाखवायचा, मुलीला नंतर एकटीला गाठायचं. बाईंनी हे सगळं मनात घोळवलं, खोटं कशाला बोला. मग त्यांनी माईक हातात घेतला.

“मागच्या तासाला शेवटी जे बोललं गेलं, ते कुणीच सांगितलं नाही. नियम मोडला. तो आधी मी पुरा करते.”

त्यांनी मुलीचं म्हणणं शब्दाला शब्द सांगितलं. दाराच्या कडीसकट, शेवटपर्यंत सांगितलं.

“आता माझं. यावर मी ‘छान’ म्हणाले, कारण मला ऐकू आलं नव्हतं. मला बरीच वर्षं नीट ऐकू येत नाही. तुम्ही एकमेकांचं सांगता, त्यावर माझं चालून जातं. हे मी तुमच्यापासून लपवलं. ती इथे नाही. तिची कुणाशी गाठ पडली तर एवढं तिला सांगा.”

कुणी हसलं नाही. चष्मेवाला उठला, आणि बाईंनी आत्ता जे सांगितलं ते नियमाप्रमाणे पहिल्यापासून सांगू लागला. विभागप्रमुख मध्येच उठून गेले.

दोन दिवसांनी सरांनी बोलावलं. या वेळी चेहरा गंभीर होता आणि मशीनमुळे मिशांखालचं बरंचसं ऐकू येत होतं. सर वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले की त्यांना फार वाईट वाटतं. पण वर विचारलं तर काय सांगायचं? संवादाचा विषय आहे, म्हणजे बघा ना. सत्र पुरं करा. पुढच्या सत्रापासून संवाद व्यवस्थापनवाल्या सरांकडे जाईल. तुमची पद्धत तेच चालवतील, अगदी तुमच्या नावानिशी.

“बघते,” बाई सवयीने म्हणाल्या. बघण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. जिन्यात त्या थोडा वेळ कठड्याला धरून उभ्या राहिल्या. वाईट वाटलं, खूप वाटलं. नियम त्यांच्या नावाने चालणार होता आणि वर्गात त्या नसणार होत्या.

सत्राच्या शेवटच्या तासाला बाई आत आल्या तेव्हा ती मुलगी पहिल्या रांगेत बसली होती. केस मागे बांधलेले होते. बाईंनी विषय द्यायच्या आधीच ती उभी राहिली, मान वर करून, ओठ नीट दिसतील अशी.

“दादा अजून आला नाही,” ती मोठ्याने म्हणाली. “पण आता आम्ही घरात त्याच्याबद्दल बोलतो. आईच बोलायला लागली. दार अजून लोटलेलंच असतं.”

बाईंनी ते सगळं पुन्हा सांगितलं. एकही शब्द निसटला नाही.

मुलगी बसली नाही. “आता तुमचं, मॅडम.”

बाईंनी माईक टेबलावर ठेवला.

“पुढच्या सत्रात हा विषय माझ्याकडे नाही. आज माझा शेवटचा तास आहे. मला जायचं नव्हतं.”

मुलीने बाईंकडे बघत एकेक शब्द सांगितला. “पुढच्या सत्रात हा विषय तुमच्याकडे नाही. आज तुमचा शेवटचा तास आहे. तुम्हाला जायचं नव्हतं.”

“छान,” बाई म्हणाल्या. “बसा.”

तोंडातून गेलं आणि मग त्यांच्या लक्षात आलं. मुलीलाच आधी हसू फुटलं आणि पाठोपाठ सगळे हसायला लागले. मशीनमधून तो आवाज फार मोठा येत होता, कानाला बोचत होता. बाईंनी ते काढलं नाही.