थांबलेली बहीण

...पिन तिरकी बसली होती. तिचं एक टोक कागदातून वर आलेलं, आणि युलालियाचा अंगठा मघापासून त्यावरच फिरत होता, टोचेल-न टोचेल असा. सात पानं. वर मारित्साचं नाव, पोटच्या पोरीचं, छापील. हद्दीअलीकडच्या टूसॉन शहरातल्या या वाचनालयात ही मुलं दर शनिवारी दुपारी जमतात, उद्याच्या जगाच्या गोष्टी वाचतात — अंतराळयानं, परग्रह, बोलणारी यंत्रं — आणि स्वतःला लॅटिनेक्स म्हणवतात, म्हणजे हद्दीपलीकडून आलेल्या आमच्यासारख्यांची पोरं. भविष्यात तरी आपल्याला जागा हवी, म्हणतात. घ्या बापडे. आमच्या वेळी लपायला झुडूप मिळालं तरी पुष्कळ होतं.

आज मारित्सानं स्वतः लिहिलेली गोष्ट, म्हणून आईला आग्रहाचं बोलावणं.

मारित्सा वाचत होती... दोन चंद्रांचा ग्रह, नुसती वाळू. भाऊ-बहीण हद्द ओलांडायला निघालेले. भावाचा पाय मोडतो, तांडा पुढे जातो — आणि बहीण थांबते. त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसते; हळूहळू दोघांचीही वाळू होते, आणि त्या वाळूवरून जाणाऱ्या कुणाचीच पुढे वाट चुकत नाही.

शेजारी बसलेल्या नायेलीनं, मारित्साच्या मैत्रिणीनं, चक्क डोळे पुसले. "मावशी, ही बहीण म्हणजे तुम्हीच ना? फर्मिनमामाचं सांगितलंय मारित्सानं आम्हाला."

सांगितलंय. काय सांगितलंय? मी तिला सांगितलं तेवढंच — मामा वाळवंटात हरवला. हरवला! जसा काही बाजारात हात सुटला... फर्मिन एकोणीस वर्षांचा, घोटा सुजून टम्म झालेला, काटेरी झाडाच्या बुंध्याला टेकून बसलेला. वाटाड्या म्हणाला, ज्याला चालवतं त्यानं चालावं. "लाला, थोडं बस ना गं माझ्यापाशी," फर्मिन म्हणाला — लहानपणापासून लालाच म्हणायचा तो मला — आणि मी म्हणाले, पुढून माणसं पाठवते — आणि पाण्याचा कॅन उचलला. दोघांत एकच होता. पाचवा महिना होता मला. त्यानं कॅनकडे पाहिलं, मग माझ्या पोटाकडे. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं मेल्यानं... माणसं मी पाठवली नाहीत. कुणाला सांगायला गेले असते, तर मलाच परत धाडलं असतं.

"काय बहीण आहे! आपली माणसं अशीच," कुणीतरी म्हणालं. टाळ्या पडल्या.

अगं शहाणे मारित्सा, ती बहीण थांबली असती तर ही सात पानं लिहायला तू कुठून आली असतीस? अगदी ओठांपर्यंत आलं. सांगून टाकावं का? एकदाच, इथेच, या सगळ्यांसमोर... मग सुटले असते मी. आणि ही पोरगी जन्मभर मामाच्या वाटचं तेच पाणी पीत राहिली असती.

मारित्सा जवळ येऊन वाकली. गाल फुललेले. "आई, शेवट पटला ना? सख्ख्या भावाला कुणी असं टाकून गेलंच नसतं ना गं?"

"छे! कोण जाईल?" युलालिया म्हणाली.

मारित्सा खुशीत तिच्या गळ्यात पडली, आणि युलालिया ताठ बसून राहिली. चोवीस वर्षं राग यायचा तो स्वतःचा. आज तो पोरीचा आला — तिच्या जगण्याचा, त्या भरल्या गालांचा, इतकं छान लिहिण्याचा... आणि हा राग हलका होता. सोसवत होता. तो जाऊ नये, असंच तिला वाटत होतं.