मला धुण्याआधी जरा बघा

मित्रांनो, मी पिंजऱ्याच्या तळाशी सरकणारा एक जुना ट्रे आहे. नाक मुरडू नका. पक्ष्याची घाण माझ्यावर पडते हे खरं, पण त्याच्या पोटात काय बिघडलंय ते घरात सगळ्यात आधी मलाच कळतं. मला कुणी विचारत नाही, हा भाग वेगळा.

एका छोट्या कारखान्यात पत्रा कापून, कडा वळवून मला घडवलं. दुकानदार गिऱ्हाइकासमोर मला सर्रकन ओढून म्हणायचा, "ओढा, धुवा, विषय संपला." त्या एका वाक्याने माझ्या आयुष्याचं वाटोळं केलं.

मी ज्या घरी आलो तिथली आई भारी टापटिपीची. तिच्या लेकीचा कॉकटेल, म्हणजे तुरेवाला छोटा पोपट, पिंजऱ्यात राहायचा. गालांवर शेंदरी ठिपके, म्हणून नाव शेंदऱ्या. माझ्यावर रोज कागद अंथरला जाई आणि सकाळी कुणाचे डोळे नीट उघडायच्या आत तो कचऱ्यात जाई. "काय स्वच्छ पिंजरा ठेवलाय," असं पाहुणे म्हणाले की मीही फुगायचो.

मग शेंदऱ्या आजारी पडला. पण पक्षी मोठे सोंगाडे. रानात दुबळा दिसेल त्याला शिकारी आधी उचलतो, म्हणून आजार लपवणं त्यांच्या अंगातच असतं. लेक समोर आली की हा तुरा उभारून शीळ घालायचा. ती वळली की पिसं फुगवून, डोळे मिटून बसायचा. कागदावर मात्र पाणचट, गडद हिरवे डाग. मी आणखी किती स्पष्ट सांगायचं? आई "शी" म्हणाली आणि कागद फेकून मोकळी झाली.

शेवटी शीळ बंद झाली. लेक रडायला लागली, तेव्हा कुठे पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे जायचं ठरलं. आणि निघण्याआधी आईने काय करावं? मला घासून घासून धुतलं. म्हणे, "चार लोकांत असा घाणेरडा पिंजरा नेतात का?"

डॉक्टरीणबाईंनी मला ओढलं. मी कोरडा ठणठणीत.

"ताई, विष्ठा कुठेय याची?"

"धुतली ना. बघा कसा लखलखतोय."

"दाताच्या डॉक्टरकडे जाताना दात घरी ठेवता का हो?"

लेकीला रडता रडता हसू फुटलं. बाईंनी माझ्यावर पांढराशुभ्र कागद घातला, पिंजऱ्याजवळ उबेचा दिवा ठेवला आणि सगळे वाट बघत बसले. बऱ्याच वेळाने एक हिरवा ठिपका पडला. आईचा हात लगेच रुमाल घेऊन पुढे. मला पत्र्याचं कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं.

लेकीने तिचं मनगट धरलं. "आई, हात मागे घे. त्यातच त्याचा जीव आहे."

बाईंनी तो ठिपका काचेवर पसरला, रंगवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. गुलाबी काड्यांसारख्या जंतूंची नुसती झुंबड. "ठणठणीत कॉकटेलमध्ये हे अगदी तुरळक दिसतात," त्या म्हणाल्या. कोणतं औषध लागू पडेल हे नक्की कळावं म्हणून थोडा नमुना त्यांनी जंतू वाढवायला ठेवला आणि पहिला डोस तिथेच चोचीत घातला. "आज आणलात म्हणून. उद्या उशीर झाला असता."

शेंदऱ्या वाचला. आता पुन्हा शीळ घालून घर डोक्यावर घेतो.

माझा कोपरा गंजलाय, मी मध्येच अडकतो. तरी रोज सकाळी आई मला ओढते, चष्मा लावून वाकते आणि हाक मारते, "ये गं, आधी बघून घे. मग फेकते." बाबा कुरकुरतात, "मला चहा तरी पिऊ द्या."

मित्रांनो, मला धुवा, खुशाल धुवा. पण त्याआधी क्षणभर बघा. वर बसलेला तुमच्यासमोर बरं असल्याचं सोंग करतो. मला ते जमत नाही.