गाडी असती तर

माझ्या नवऱ्याने, एवारिस्तोने, उभी हयात बुएनोस आयरेसच्या रस्त्यांवर सिटीबस हाकली. निवृत्त झाला तेव्हा एक जुनी निळी गाडी घेतली आणि कोपऱ्यावरून पाव आणायलासुद्धा तिच्यातूनच जायला लागला. गेल्या महिन्यात त्याने भाजीवाल्याचे टोमॅटो चाकाखाली घेतले. भाजीवाला बोंबलतोय, मी बोंबलतेय आणि हा काच खाली करून वर त्यालाच विचारतोय, "टोमॅटो रस्त्यात कशाला ठेवतोस रे?"

टोमॅटो फुटपाथवर होते.

मी त्याला ओढत डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, समोरचं दिसतंय, पण कडेचं दिसणं गेलं, ते आता परत येणार नाही; गाडी चालवणं बंद. बाहेर आल्या आल्या हा म्हणतो, "पोरगी आहे अजून. तिला काय कळतंय?" आणि किल्ली खिशात टाकली. मी भांडले, रडले. किल्ली पिठाच्या डब्यात लपवली, तर याने सगळं पीठ ओट्यावर उपसून शोधून काढली. त्याच फुटपाथवर आमची नात दोरीच्या उड्या मारते.

शेवटी मी मेंडोसाचा बेत आखला. शनिवार-रविवार, विमानाने, द्राक्षांचे मळे, वायनऱ्या आणि गाडीचं नाव नाही.

"विमानाने कशाला? गाडीने जाऊ की," एवारिस्तो म्हणाला. "पहाटे निघायचं."

"आणि तिथे वायनरीत जाऊन काय पिणार? पाणी? थेंबभर पिऊन गाडीला हात लावलास तर पोलीस उचलतील."

हे त्याला खोडता येईना. त्याने माते, म्हणजे आमचा कडू पाल्याचा चहा, भरला, नळीने सुर्र सुर्र ओढला आणि नवीन फाटा फोडला.

"विमानतळावरून गावात कसं जायचं?"

"बसने."

"तिथली बस? त्या लोकांना बस चालवता येते?"

"नाही, ढकलत नेतात!"

"बरं, गावातून मळ्यांत?"

"ट्राम आहे माइपूपर्यंत. पुढे सायकली भाड्याने मिळतात."

"सायकल!" तो एवढा हसला की माते नाकात गेला. "नेलिदा, तू जिना चढतेस तेव्हा तुझ्या गुडघ्यांचा आवाज ऐकून शेजारी दार उघडतात. काय मोडलं म्हणून!"

झालं, माझं डोकं फिरलं. "पैज लाव! दोन दिवसांत जो आधी 'गाडी असती तर' म्हणेल तो हरला. तू म्हणालास तर किल्ली माझी, कायमची. मी म्हणाले तर पुन्हा तुझ्या गाडीचं नाव काढणार नाही."

"लागली!" म्हातारा टाळी द्यायला असा पुढे आला, की जिंकलाच.

मग सुरू झाला त्याचा कावा. भरायला त्याने नेमकी चाक तुटलेली बॅग काढली. का, तर ती ओढताना माझ्या तोंडून ते शब्द निघावेत. वर त्यात काचेची सोड्याची बाटली कोंबली, खटका दाबला की फुस्स करून सोडा सोडणारी. सोड्याशिवाय वाईन या माणसाच्या घशाखाली उतरत नाही. विमानतळावर तपासणीतल्या मुलीने ती वर धरली.

"काका, मातेचा थर्मास चालेल. हे नाही चालणार. वर गेल्यावर फुटलं तर?"

"अगं पोरी, ही बाटली माझ्या लग्नाच्या आधीची आहे. लग्नात फुटली नाही, विमानात काय फुटणार?"

बाटली राहिली तिथेच. त्याने माझ्याकडे बघून तोंड उघडलं. काय बोलणार होता ते मला कळलं, त्यालाही कळलं, आणि त्याने तोंड मिटलं.

विमानात त्याचा उजवा पाय सारखा ब्रेक दाबत होता. विमान टेकल्यावर सगळ्यांनी आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे टाळ्या वाजवल्या, हा हाताची घडी घालून म्हणाला, "ब्रेक उशिरा मारला." बसमध्ये ड्रायव्हरच्या मागे उभा राहून दर सिग्नलला "पिवळा, पिवळा!" तो बिचारा शेवटी म्हणाला, "आजोबा, तुम्हीच चालवता का?" हा लगेच शर्टाच्या बाह्या सरसावायला लागला. मी कॉलर धरून बसवला.

दुसऱ्या दिवशी माइपूत ट्राममधून उतरून सायकली घेतल्या. माझे गुडघे बोलत होते, पण मी दात आवळून गाणं म्हणत होते. पहिल्या वायनरीत एक छान मुलगी आली, तिने मोठ्या पेल्यात तळाला दोन बोटं वाईन ओतली आणि सांगितलं, आधी वास घ्या, मग जिभेवर फिरवा, यात जांभळी फुलं आहेत, ओलं लाकूड आहे.

"सोडा आहे का?" एवारिस्तोने विचारलं.

मुलीचा चेहरा पडला. "सर, ही आमची सगळ्यात जुनी..."

"म्हणूनच म्हणतो. जुनी आहे, जड झाली असेल. बर्फही आण थोडा."

शेजारच्या टेबलावरच्या बाईने छातीवर हात ठेवला. मी टेबलाखाली शिरायची जागा शोधत होते. मुलीने मुकाट्याने बुडबुड्यांचं पाणी आणून दिलं, याने त्यात वाईन बुडवली, एक घोट घेतला आणि म्हणाला, "आता फुलं लागली."

तिथून दुसऱ्या वायनरीकडे निघालो. दुतर्फा उंच झाडं, सरळ रस्ता, उन्हाची तिरीप. तो पुढे, मी मागे. त्याच्या सायकलीचं चाक हळूहळू उजवीकडे सरकताना मी बघत होते. "एवारिस्तो, कड! कड बघ!" मी ओरडेपर्यंत सायकल, म्हातारा आणि टोपी, सगळं धडाडकन रस्त्याकडेच्या पाटात.

मी सायकल फेकली आणि उडीच मारली. गुडघे कुठे मोडले नि कुठे नाही, देवालाच ठाऊक. तो कमरेएवढ्या गार पाण्यात बसलेला, कपाळावर रक्ताची रेघ. रस्त्यावर चिटपाखरू नाही. माझा जीवच गेला.

"अरे देवा! दवाखान्यात कसं न्यायचं आता तुला? गाडी असती तर..."

बोलून गेले. जीभ चावली, पण शब्द सुटले ते सुटले. त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. आता हा हसणार, आता हा गावभर सांगणार, असं मला वाटलं.

तो हसला नाही. कपाळावरचं रक्त बोटाने पुसलं, बघितलं. साधं खरचटलं होतं.

"वाईन चढली तुला," मी म्हणाले. त्याला काहीतरी निमित्त द्यावं म्हणून.

"घोटभर तर प्यायलो, नेलिदा." त्याचा आवाज एवढा बारीक मी कधी ऐकला नव्हता. "हा पाट मला दिसलाच नाही. एवढा मोठा पाट. तुला दिसला, मला नाही." मग म्हणाला, "आपल्या फुटपाथवर नात उड्या मारत असते."



त्याने ओल्या खिशात हात घातला. लबाडाने किल्ली मेंडोसापर्यंत आणली होती! ती माझ्या तळहातावर ठेवून त्याने माझी मूठ मिटली.

"अरे, पण मी हरले," मी म्हणाले. "आत्ताच बोलले ना मी."

"काय बोललीस?" तो म्हणाला. "मला काही ऐकू आलं नाही. आधी डोळे गेले, आता कानही गेले वाटतं."

मला रडू फुटलं. तिथेच, पाटात, चिखलात बसून, भोकाड पसरून.

"जिंकलीस ना? मग रडतेस कशाला?" तो म्हणाला. "आधी हात दे आणि मला बाहेर काढ. सोडा घातला तो पुरे झाला, आता पोटातल्या वाईनमध्ये आणखी पाणी शिरायला लागलंय."